दोन हिरव्या काड्यांची कबुली

सुवा, ५ डिसेंबर

तीर्थरूप दादाच्या पायांवर धाकट्या यासुहेइचं डोकं. (पाय इतोइगावाला आणि डोकं सुवाला, त्यामुळे ते सध्या टेबलावर टेकवलं आहे.)

तुमच्याकडे समुद्रावरचा वारा सुरू झाला असेल. इथे तळ्याच्या कडेला सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायला लागलाय आणि डोंगर कमरेपर्यंत पांढरे झालेत. आम्ही दोघं बरे आहोत. सुमिएचा गुडघा बोलतो, पण तो नेहमीच बोलतो. तुझी प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि तू दर उत्तरात 'ठीक' एवढा एक शब्द लिहून खाली तारीख टाकतोस. या खेपेला मी रीत म्हणून विचारत नाहीये, दादा. तुझे डोळे हल्ली अधू, म्हणजे हे पत्र वहिनीच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय. दोघंही चहा घेऊन बसा, कारण पत्र लांबणार आहे. तुझ्या प्रकृतीविषयी एक गोष्ट मला कळली आहे. ती चांगली नाही. आणि ती कशी कळली हे सांगायची मला इतकी लाज वाटते, की एक्केचाळीस दिवस झाले, मी ती तुला न सांगता फिरतोय आणि माझं वजन तीन किलोंनी उतरलंय. अगदी सुरुवातीपासून सांगतो. मध्येच उठून जाऊ नकोस.

तुला ठाऊक आहे की आमच्या गल्लीत दरवर्षी एका घरच्या बाईकडे आरोग्यसेविकेची पाळी येते. यंदा ती सुमिएकडे आली. पाळी आली की बाई बदलते. एप्रिलपासून ती मिठाचं मापक घेऊन घरोघर फिरते आणि लोकांच्या मिसो-सूपमध्ये ते बुडवून तोंड वाकडं करते. (आमच्या घरचं सूप आता इतकं अळणी आहे की गरम पाणी प्यायलं तरी तेवढंच समाधान मिळेल.) ऑक्टोबर उजाडला तशा तिने सत्तावीस घरांत आतड्याच्या तपासणीच्या पिशव्या वाटल्या. पिशवीत दोन छोट्या नळ्या, प्रत्येकीत एक हिरवी काडी, आणि संडासातल्या पाण्यावर पसरायचा एक कागद. दोन वेगवेगळ्या दिवशी काडी शौचावरून फिरवायची, नळीत घालायची, टक् असा आवाज येईपर्यंत दाबायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. एवढंच काम. पलीकडच्या त्र्याण्णव वर्षांच्या आजोबांनीसुद्धा हौसेने दोन पिशव्या मागितल्या. सव्वीस घरांच्या नळ्या जमा झाल्या आणि एक घर राहिलं. ते सेविकेचं स्वतःचं.

मी अकरा वर्षं ही तपासणी टाळत आलो होतो. बाबा कशाने गेले ते तुला आठवतं, आणि शेवटचे तीन महिने त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं तेही आठवतं. तू रेल्वेत होतास, मी घरी होतो. तेव्हापासून 'आतडं' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो आणि तो गोळा काही बाहेर पडत नाही. चाळीस वर्षं मी घड्याळाच्या कारखान्यात नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत असे स्क्रू बसवले, एकदाही हात हलला नाही. पण ती हिरवी काडी धरली की हात असा थरथरायचा, की सुमिए म्हणाली, असं करशील तर भिंती रंगवशील. शिवाय काडी फिरवायला खाली काही असावं लागतं. पाच दिवस मी रोज सकाळी कागद पसरून अर्धा अर्धा तास बसलो आणि उठलो. रताळी खाल्ली, आलुबुखार खाल्ले, सुमिएने दाराबाहेरून प्रोत्साहनही दिलं. (ते नसतं दिलं तर कदाचित जमलं असतं.)

आणि नेमका त्याच आठवड्यात तू आलास, आत्याच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला. दोन रात्री आमच्याकडे राहिलास. पहिल्या सकाळी मी कागद पसरला, बसलो, हात हलवत बाहेर आलो, आणि कागद उचलायच्या आत तू आत शिरलास. आमचं संडास तुला माहीतच आहे. आपण जवळ गेलं की झाकण आपोआप वर होतं आणि भिंतीवर अकरा बटणं आहेत. अडतीस वर्षं रेल्वेत सिग्नलला बोट दाखवत काढल्यामुळे तू घरातसुद्धा गॅस, दिवा, कुलूप, प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतोस, तसं तू आत एकेका बटणाकडे बोट दाखवून बोलत होतास. बाहेर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पाणी सोडायचं बटण काही तुला सापडलं नाही, कारंज्याचं सापडलं. तू सदरा पुढून ओला करून बाहेर आलास, संडासाकडे बोट केलंस आणि जाहीर केलंस, "पाणी गेलं नाही. पाहिलं." आणि नाश्त्याला जाऊन बसलास.

पाणी सोडायला मी आत गेलो. दादा, यापुढचं सांगताना मला कुठे बघावं कळत नाहीये. कागद पाण्यावर पसरलेला होता आणि आपलं काम त्याने चोख केलं होतं. नळी माझ्या खिशात होती. नळ्या जमा करायची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपत होती. आणि बाहेर माझी बायको, सत्तावीस घरांची सेविका, तुला अळणी सूप वाढत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून संडासाच्या दाराकडे बघत होती. मी काडी बाहेर काढली. हात जराही थरथरला नाही. टक् झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नवा कागद पसरला, तुला मुद्दाम कोमट पाण्याचे दोन पेले पाजले, आणि 'बटणांच्या नादी लागू नकोस, मी बघतो' असं म्हणून दाराबाहेर उभा राहिलो. पहिल्या दिवसाला तू अपघात म्हणशील तर म्हण. दुसऱ्या दिवसाला तसं म्हणता येणार नाही हे मलाही कळतं.

त्या वेळी मी मनाची समजूत काय घातली ते सांगतो. आपण एकाच आईची मुलं, लहानपणी एकाच हंडीतलं खाल्लं, दोघांच्या आतड्यांत असा काय फरक असणार? शिवाय तू म्हणजे लोखंड. आयुष्यात डॉक्टरची पायरी चढला नाहीस. तुझा निकाल स्वच्छच येणार, माझी लाज राखली जाणार आणि पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या घराकडे जाणार. सुमिएने त्या नळ्या मुळ्याच्या लोणच्याशेजारी ठेवल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला शूर म्हणाली.

पंचवीस ऑक्टोबरला पाकीट आलं. पाकीट जाड होतं. आत लिहिलं होतं की दोन्ही दिवसांच्या नमुन्यांत रक्त सापडलं आहे, लगेच इस्पितळात येऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. नाव माझं होतं. सुमिए स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. मी उभा राहिलो, कारण बसायचं कसं तेच मला त्या क्षणी आठवेना. दोन्ही दिवस, दादा. एक दिवस असतं तर मी म्हणालो असतो, चुकून आलं असेल.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून लोक वस्तू घेऊन यायला लागले. आत्याने अळंब्यांची काळी भुकटी पाठवली, तिच्या मैत्रिणीच्या दिराची गाठ म्हणे त्याने विरघळली होती. समोरच्यांनी काळा व्हिनेगर दिला. न्हाव्याने गरम दगडांचा पट्टा आणून स्वतः माझ्या पोटाला बांधला आणि भाजल्याचा चट्टा अजून आहे. सगळे माझ्याकडे असे प्रेमाने बघायचे आणि मी मान खाली घालून तुझं प्रेम घेत होतो. तुझी भुकटी, तुझा व्हिनेगर. शेवटी नगरपालिकेच्या आरोग्य-परिचारिका कोगुरेबाई सायकलवरून आल्या. तिशीतली बाई, पण नजर तुझ्यासारखी कडक आहे. त्यांनी टेबलावरच्या बाटल्या एकेक वाचल्या आणि म्हणाल्या की लोकांचा जीव आहे तुमच्यावर, तेवढं घ्या आणि बाटल्या बंद करून ठेवा. यातल्या कशाने गाठ विरघळल्याचा पुरावा नाही, उलट काही भुकट्या यकृताला बाधतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, तीच काडीची तपासणी परत केली तर? (म्हणजे आता माझी स्वतःची देईन, ती स्वच्छ येईल आणि प्रकरण मिटेल.) त्या नाही म्हणाल्या. रक्त रोज येतंच असं नाही, दुसऱ्यांदा दिसलं नाही म्हणून पहिल्यांदा दिसलेलं खोटं ठरत नाही. एकदा दिसलं की आत बघायचंच, दुसरा रस्ता नाही.

तेव्हाच मी खरं बोलायला हवं होतं. का बोललो नाही? सुमिएची नाचक्की होईल, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की जोवर ते रक्त माझ्या नावावर होतं तोवर ते तुझं झालेलं नव्हतं. मला भीती वाटत होती, दादा. मी तोंड उघडलं की ते तुझं होईल असं वाटत होतं.

म्हणून मी दुर्बीण घालून घेतली. आदल्या दिवशी पाकिटातली पेज, त्या दिवशी दोन लिटर औषधी पाणी, चवीला कोमट समुद्रात कुणी लिंबू पिळल्यासारखं. आम्ही सहाजण एका खोलीत बसून पीत होतो आणि पाळीपाळीने पळत होतो. प्रत्येक वेळी परिचारिकेला बोलावून दाखवायचं, फिक्या चहासारखं झालं की पास. अकरा वर्षं ज्या पोटातून काही बाहेर पडायला तयार नव्हतं त्याने त्या दिवशी सगळा हिशेब चुकता केला. मग कागदाची चड्डी दिली, तिला एका बाजूला भोक. मी तुझी आठवण काढून बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणालो, भोक मागे, पाहिलं. पडद्यापलीकडचा एक माणूस म्हणाला, धन्यवाद, माझं पुढे होतं.

माझी पाळी यायच्या आधी कॉरिडॉरमध्ये बाकाशेजारी एक नारुसे नावाच्या बाई भेटल्या. वय सत्तर असेल. दोन्ही हातांत लोकरीचे जाड मोजे, आणि तसेच हात पुढे करून त्या मशीनमधून गरम चहाचा डबा काढत होत्या. आतड्याचाच कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, आता सलाईनमधून औषध चालू. त्या औषधाने म्हणे गार वस्तूला हात लावला की सुया टोचतात, म्हणून फ्रीज उघडायचं काम नवऱ्याकडे. (सत्तेचाळीस वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदाच घरात फ्रीज कुठे आहे ते कळलं, असं त्या म्हणाल्या.) मळमळीची गोळी मळमळ व्हायच्या आधी घ्यायची असते, दात मऊ ब्रशने घासायचे, आणि थकवा आला तरी रोज थोडं चालायचं, पडून राहण्यापेक्षा चालण्याने थकवा कमी होतो हे तपासून पाहिलेलं आहे, हे सगळं त्या लोणच्याची कृती सांगावी तसं सांगत होत्या. मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? त्यांनी डब्यावर मोजे चोळले.

"पिशवी दोन वर्षं माझ्या खणात पडून होती," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बघितलं नाही तर ते नसतंच."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी भोक मागे धरून पळालो.

आता ऐक. माझ्या आतड्यात एक पॉलिप सापडला, म्हणजे भिंतीला फुटलेला एक कोंब, सोयाबीनच्या दाण्याएवढा. डॉक्टरांनी तिथल्या तिथे तारेच्या फासात धरून कापला. नंतर कळवलं की त्यात कर्करोग नाही, पण राहिला असता तर पुढेमागे काहीही होऊ शकलं असतं. आणि म्हणाले, बहुधा यातूनच रक्त येत होतं, चला, कोडं सुटलं. सगळ्यांना आनंद झाला. सुमिएने लाल चवळीचा भात केला, आत्याने भुकटीचा गुण म्हणून देवळात दिवा लावला. मी भात नुसता चिवडत बसलो. कोंब माझा होता, दादा, पण रक्त तुझं होतं. माझी फाइल बंद झाली आणि तुझी उघडलीच नाही. तुझ्यामुळे मी वाचलो असेन, आणि माझ्यामुळे तू रांगेतसुद्धा उभा राहिला नाहीस.

चार दिवसांनी कोगुरेबाई अभिनंदन करायला आल्या तेव्हा मी त्यांना अंगणातच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी सायकल भिंतीला लावली, चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या की रक्त दिसलेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतोच, मूळव्याध असते, नाहीतर माझ्यासारखा कोंब. आणि असला तरी लवकर, जागच्या जागी सापडला तर दहातले नऊजण पाच वर्षांनंतरही हिंडत असतात. मी म्हटलं, मग बरंच आहे की. त्या म्हणाल्या, "आहे ना. पण हे आकडे बघून घेणाऱ्यांचे आहेत. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या भावाला ते लागू नाहीत."

यावर मी काय केलं असेन? तुला चार पत्रं लिहिली. त्यातलं एक पोचलंय, सफरचंदांविषयीचं. बाकीची तीनही सफरचंदांविषयीच होती, म्हणून टाकली नाहीत. पण परवा असं काही ऐकलं की आता सफरचंदांवर लिहिणं शक्य नाही. काल सुमिएला सगळं सांगितलं. ती तासभर मुळा चिरत राहिली, आमच्याकडे आता आठवडाभर पुरेल इतका चिरलेला मुळा आहे. मग हात पुसून म्हणाली, आधी पत्र लिही, तुझ्याशी काय बोलायचं ते मी नंतर बोलते.

मी सात वर्षांचा असताना तू मला रुळ ओलांडायला शिकवलंस. नुसतं बघू नकोस म्हणालास, डोळे आपल्याला हवं तेच बघतात. बोट दाखव आणि मोठ्याने बोल, म्हणजे खोटं बोलता येत नाही. मी इकडे बोट करायचो आणि म्हणायचो, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तू माझी कॉलर धरून उभा असायचास. तर आता मी इथे टेबलाशी उभा राहून इतोइगावाच्या दिशेला बोट केलं आहे. दादा, रक्त. दोन्ही दिवस. पाहिलं.

तुझा अपराधी धाकटा,
यासुहेइ

ता. क. सोबत सफरचंदांची पेटी पाठवली आहे. तळाशी आत्याची भुकटी आहे, तिने जबरदस्तीने घातली. घेऊ नकोस. आत्याने विचारलं तर गुण आला म्हण.

ता. क. दुसरा. सतराला, बुधवारी सकाळी तुमच्याच गावच्या इस्पितळात तुझी वेळ घेतली आहे. फोनवर मी तुझाच आवाज काढून बोललो, आणि तिथल्या बाईला काही संशय आला नाही, कारण मी फक्त 'ठीक' म्हणत होतो. (तुझी वस्तू माझ्या नावाने दिली होती, आता माझा आवाज तुझ्या नावाने दिला, फिटंफाट झाली म्हणायची.) कोगुरेबाईंनी तिथल्या डॉक्टरांना खरा प्रकार कळवणारी चिठ्ठी लिहून दिली आहे, त्यामुळे तिथेही आता मला तोंड दाखवायची सोय नाही, तरी मी पंधराला, सोमवारी येतोय. ते दोन लिटर तू पिशील तेव्हा शेजारी बसून मी दोन लिटर जवाचा चहा पिईन. तू जितक्या वेळा धावशील तितक्या वेळा मीही धावेन. मला काय वाटेल ते बोल, हवं तर वर्षभर बोलू नकोस, पण बुधवारनंतर.

ता. क. तिसरा. वहिनी, हे तुमच्यासाठी. इथून पुढे मोठ्याने वाचू नका. परवा फोनवर तुम्ही हसत हसत म्हणालात की हे म्हातारपणी सुधारले, ज्याने जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही तो माणूस गेले दोन महिने तुम्ही उठायच्या आत आपली आतली चड्डी स्वतः धुतो आणि शेडच्या मागे वाळत घालतो. मीही तुमच्याबरोबर हसलो. फोन ठेवला आणि मला आठवलं. बाबाही शेवटच्या वर्षी धुवायचे. आई गल्लीभर कौतुक सांगत फिरायची. त्याच्यावर रागावू नका वहिनी, तो घाबरलाय, आम्ही दोघंही घाबरट बापाची मुलं आहोत. फक्त बुधवारपर्यंत त्याचे बूट लपवून ठेवा. आणि हे वाचून झाल्यावर त्याला विचारा. तो 'ठीक' म्हणेल. तेव्हा त्याला म्हणा, बोट दाखवून सांगा. बोट दाखवून तो आजवर कधी खोटं बोललेला नाही.